मिठाला पाणी सुटलं की भिंतीकडे बघा

जूनच्या मध्यावर एक सकाळ अशी येते, की पोह्यांत घालायला मीठ घ्यावं तर चमच्याला ओला गोळा चिकटून येतो. बरणीत कुणी ओला हात घातलेला नसतो, झाकणही रोजच्यासारखंच लावलेलं असतं. त्यानंतर दोन-तीन आठवड्यांत घरात एकेक गोष्ट उघडी पडायला लागते. माळ्यावरच्या बॅगेला पांढरी लव येते. कोल्हापुरी चपलेवर हिरवट बुरा दिसतो. पलंगामागच्या भिंतीवर काळे ठिपके उमटतात, आणि कपाट उघडलं की तो ओळखीचा कुबट वास येतो.

मुंबई, कोकण, गोवा इथल्या बहुतेक घरांत दर पावसाळ्यात हाच क्रम असतो. दर वर्षी तोच प्रश्नही विचारला जातो, बहुतेकदा जराशा अपराधी सुरात: ‘घर तर स्वच्छ ठेवतो आम्ही, मग बुरशी कशी आली?’ हा अपराधी सूर मला खटकतो. बुरशीचा स्वच्छतेशी संबंध थोडा आहे, पाण्याशी फार मोठा आहे. आणि मिठाला पाणी सुटणं आणि चपलेवर बुरा येणं या एकाच कारणाच्या दोन खुणा आहेत. ते कारण नीट कळलं, तर दर वर्षी रंगावर आणि फवाऱ्यांवर जाणारे पैसे बऱ्यापैकी वाचतील.

## बुरशी कुठून ‘येत’ नाही

आपण ‘बुरशी आली’ म्हणतो, पण ती आधीपासून घरातच असते. बुरशीच्या सूक्ष्म बियांना बीजाणू म्हणतात. त्यांतले बरेचसे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या दोन ते दहा पट एवढेच असतात. आपला केस त्यांच्यापुढे दोरखंडासारखा जाडजूड. हवेत, अंगणातल्या मातीत, पंख्यावरच्या धुळीत, पुस्तकाच्या पानांत, सगळीकडे ते असतात. कितीही पुसलं तरी खिडकीतून पुन्हा येतात. कोरडे पडले की नुसते पडून राहतात, पुष्कळदा महिनोन्‌महिने.

बीजाणूला रुजायला चार गोष्टी लागतात: हवा, खायला काहीतरी, बेताचं ऊबदार तापमान आणि पाणी. हवा आपण काढून घेऊ शकत नाही. तापमान आपल्याला सुखाचं असतं तेच बुरशीलाही आवडतं, वीस ते तीस अंशांचं. खाण्याबद्दल ती अजिबात चोखंदळ नाही. लाकूड, कागद, कापूस, चामडं, डिंक, साबणाचा थर, बोटांचं तेल, साधी धूळसुद्धा चालते. उरलं पाणी. आपल्या हातात आहे ते एवढंच.

पाणी मिळालं की बीजाणू फुगतो आणि त्यातून एक बारीक तंतू निघतो. तो पृष्ठभागावर पाचक रस सोडतो, खालचा पदार्थ विरघळवतो आणि शोषून घेतो. मग फांद्या फुटत फुटत तंतूंचं जाळं तयार होतं. आपल्याला जो काळा-हिरवा रंग दिसतो, तो बहुधा या जाळ्यावर नव्याने धरलेल्या बीजाणूंचा. म्हणजे डाग दिसतो तेव्हा शेत पेरून, उगवून, कणसं लागलेली असतात.

## पापड टिकतो, पोळी का टिकत नाही

घरोघरी जे कळत-नकळत वापरलं जातं, ते शास्त्र इथे कामाला येतं.

उन्हाळ्यात केलेला पापड वर्षभर टिकतो, पोळीला पावसाळ्यात दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बुरशी लागते. पापडात पाणी कमी, हे सरळ आहे. पण मग मोरावळ्याचं काय? लोणच्याचं? मधाचं? हे तर ओले, पातळ पदार्थ आहेत, तरी टिकतात. कारण त्यांतलं पाणी साखरेने किंवा मिठाने धरून ठेवलेलं असतं. पाणी आहे, पण ते ‘मोकळं’ नाही. बुरशीला मोकळं पाणीच पिता येतं.

एखाद्या पदार्थातलं पाणी किती मोकळं आहे, याला शास्त्रात जलसक्रियता म्हणतात. आपण त्याला मोकळं पाणीच म्हणू आणि शंभरपैकी गुण देऊ. शुद्ध पाण्याला 100. ताज्या पावाला साधारण 95. मधाला 60 च्या आसपास. मीठ विरघळायचं थांबेल इतकं मीठ घातलेल्या पाण्याला 75. घरातल्या बहुतेक बुरशींना रुजायला 80 च्या वर गुण लागतात. काही काटक जाती 70-75 वरही तग धरतात, पण त्या फार हळू वाढतात. चामड्यावर आणि जुन्या पुस्तकांवर अनेकदा याच जाती दिसतात.

हाच नियम चपलेला, भिंतीला आणि कपाटालाही लागू होतो. कुठलीही पाणी शोषणारी वस्तू हवेत ठेवली की ती हळूहळू हवेइतकीच दमट होते. हवेचा दमटपणा बरेच दिवस 85 टक्के राहिला, तर चपलेच्या चामड्यातल्या मोकळ्या पाण्याचे गुणही 85 वर येऊन थांबतात. मग चपलेवर पाणी सांडावं लागत नाही. हवाच तिला पाजते.

आता मिठाच्या बरणीकडे या. शुद्ध मिठाला हवेतून पाणी ओढून विरघळायला लागण्याची एक ठराविक रेघ आहे: 75 टक्के. बाजारच्या मिठात इतर क्षार असले तर जरा आधीच. म्हणजे मीठ ओलं झालं, तर स्वयंपाकघरातल्या हवेने 75 ची रेघ गाठली आहे किंवा ओलांडली आहे. बुरशीची रेघ त्याच्या जेमतेम पाच पायऱ्या वर. पूर्वी मिठाच्या बरणीत तांदळाचे दाणे टाकत, ते याच पाण्याला अडवायला. मला मात्र वाटतं की एका छोट्या वाटीत मीठ उघडं ठेवून कपाटात ठेवावं. फुकटचं दमटपणामापक यंत्र आहे ते.

## ‘नव्वद टक्के’ म्हणजे नव्वद टक्के कशाचे?

हवामानाच्या बातम्यांत ‘सापेक्ष आर्द्रता 90 टक्के’ असं सांगतात. हवेत 90 टक्के पाणी आहे, असा त्याचा अर्थ नाही. हवेला एसटीची गाडी समजा. तापमान जितकं जास्त, तितक्या तिच्यात जागा जास्त. 30 अंशांना एक घनमीटर हवेत साधारण 30 ग्रॅम वाफ मावते, म्हणजे 30 सीटची गाडी. 20 अंशांना 17 ग्रॅमच मावते, म्हणजे 17 सीटची. सापेक्ष आर्द्रता म्हणजे गाडी किती टक्के भरली आहे, एवढंच.

30 सीटच्या गाडीत 24 प्रवासी असतील तर गाडी 80 टक्के भरली. ही हवा एखाद्या थंड भिंतीला टेकली आणि 20 अंशांपर्यंत निवली, तर गाडी एकदम 17 सीटची होते. सात जणांना खाली उतरावंच लागतं. ते उतरलेले प्रवासी म्हणजे थंड पाण्याच्या ग्लासाबाहेर येणारे थेंब. ज्या तापमानाला गाडी नेमकी भरते, त्याला दवबिंदू म्हणतात.

पण बुरशीला थेंबही लागत नाहीत. 80 टक्के भरलेली गाडी तिला पुरते. खोलीच्या मध्यभागी हवा 75 टक्के असेल आणि कपाटामागची भिंत दोन-तीन अंशांनी गार असेल, तर त्या भिंतीला चिकटलेल्या हवेचा दमटपणा 85 च्या पुढे जातो. म्हणून खोलीत सगळं ठीक दिसतं आणि बुरशी कपाटामागे वाढते. तिथे हवा खेळत नाही, ऊब पोचत नाही आणि आपली नजरही पोचत नाही.

याच गणिताची उलटी बाजू जुन्या लोकांना ठाऊक होती. फोटोग्राफर मंडळी कॅमेऱ्याच्या कपाटात 15 वॅटचा पिवळा दिवा रात्रंदिवस लावून ठेवत. तो दिवा पाणी शोषत नसे, फक्त गाडीच्या सीटा वाढवत असे. 27 अंशांची 85 टक्के दमट हवा 31 अंशांपर्यंत तापवली, तर तेवढ्याच वाफेवर दमटपणा 68 टक्क्यांपर्यंत उतरतो. एलईडी दिव्याने हे होत नाही, तो फारसा तापतच नाही. जुना दिवा वापरणार असाल तर कपडे आणि कागद त्याच्यापासून चांगले लांब ठेवा. बंद कपाटातली आग बुरशीपेक्षा वाईट.

## एका खोलीचा हिशोब

दहा बाय बारा फुटांची, दहा फूट उंचीची खोली घ्या. त्यात सुमारे 34 घनमीटर हवा मावते. पावसाळ्यात बाहेर 27 अंश आणि 90 टक्के दमटपणा असेल, तर प्रत्येक घनमीटरमध्ये 23 ग्रॅमच्या आसपास वाफ असते. तीच हवा खोलीत येऊन 29 अंशांची झाली, तर 80 टक्क्यांवर येते. म्हणजे काहीही न करता, नुसती बाहेरची हवा आत आली तरी आपण बुरशीच्या रेघेवर उभे असतो.

त्या खोलीच्या हवेत आत्ता साधारण 780 ग्रॅम वाफ आहे आणि पूर्ण भरायला आणखी 200 ग्रॅमच्या आसपास जागा आहे. एक पेलाभर पाणी! आता तिथे ओल्या कपड्यांची दोरी बांधा. मशीनने पिळलेल्या एका खेपेच्या कपड्यांतही दोन लिटरच्या आसपास पाणी असतं. शिवाय झोपलेला माणूस श्वासातून आणि त्वचेतून तासाला अंदाजे 40 ग्रॅम वाफ सोडतो. तिघं आठ तास झोपले की जवळजवळ एक लिटर.

जागा पेलाभर पाण्याची आणि पाहुणा तीन लिटरचा. उरलेलं पाणी खिडकीतून बाहेर गेलं तर ठीक. खिडकी बंद असेल तर ते गादीत, पुस्तकांत, प्लायवूडमध्ये आणि भिंतीच्या गिलाव्यात जिरतं. पावसाळ्यात झोपायच्या खोलीत कपडे वाळत घालणं हे छोट्या घरांतल्या बुरशीचं फार मोठं कारण आहे. मुंबईच्या एका खोलीत राहणाऱ्या कुटुंबाला ‘घरात कपडे वाळवू नका’ हे सांगणं सोपं असतं आणि पाळणं अशक्य असतं, हेही मला माहीत आहे. मग एवढं तरी करावं: कपडे मशीनमध्ये दोनदा पिळावे, खिडकीजवळ वाळत घालावे, पंखा खिडकीच्या दिशेने लावावा, त्या वेळात कपाटं घट्ट बंद ठेवावी, आणि झोपायच्या आधी दोरी रिकामी करावी.

## कोणत्या वस्तूला आधी लागते

दमटपणा सगळ्या घरात सारखा असला, तरी बुरशी एका वस्तूला धरते आणि शेजारच्या वस्तूला सोडते. वस्तू किती पाणी शोषते आणि ती बुरशीला किती चविष्ट आहे, या दोन गोष्टींवर ते ठरतं.

कोल्हापुरी चपलेचं चामडं बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावतात. त्यात पाणी सहज शिरतं, वर पायाचा घाम आणि तेल लागलेलं असतं. बुरशीला याहून काय हवं! रबरी चपलेला हे होत नाही. सुती साडीपेक्षा स्टार्च केलेल्या सुती साडीला आधी डाग पडतात, कारण स्टार्च म्हणजे शुद्ध पिठूळ अन्न. जपून ठेवायच्या साड्या जूनपूर्वी खळ काढून, धुऊन, कडक वाळवून ठेवाव्या, असं मी सगळ्यांना सांगत असतो. जुन्या पुस्तकांच्या पुठ्ठ्यावर आतल्या पानांआधी बुरशी दिसते, ती बांधणीच्या खळीमुळे. जुन्या छापील फोटोंवर जिलेटिनचा थर असतो, तोही तिला आवडतो. कॅमेऱ्याच्या भिंगाची काच ती खात नाही, पण काचेवरच्या धुळीवर आणि तेलकट थरावर जगते आणि जाता जाता काचेवरच्या लेपावर ओरखडे ठेवून जाते.

लाकडाची गोष्ट वेगळी. भरीव सागवान हळू पाणी पितं. पार्टिकल बोर्ड आणि एमडीएफ म्हणजे भुसा आणि चिकट द्रव्य दाबून केलेल्या फळ्या. त्या भराभर पाणी पितात आणि फुगतात. वर सनमायका लावलेला असतो म्हणून आपण निर्धास्त असतो, पण पाठची बाजू आणि कडा उघड्याच राहतात. भिंतीला टेकते ती नेमकी पाठच. आणि जिप्सम बोर्डाच्या दोन्ही बाजूंना कागद असतो. त्या फॉल्स सीलिंगच्या वर एक बारीक गळती असेल, तर वरची बाजू काळी होईपर्यंत खाली काहीच कळत नाही.

भिंतीत सिमेंट, वाळू आणि विटा असतात. यांत बुरशीचं अन्न नाही. ती वाढते रंगातल्या चिकट द्रव्यावर आणि वर बसलेल्या धुळीवर. जुन्या घरांत चुना देत. ताजा चुना इतका अल्कधर्मी असतो, की त्यावर बीजाणू रुजत नाहीत. पण चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत घेत वर्षभरात बोथट होतो. दर वर्षी सफेदी करण्यामागे शोभा होती, तशी ही गरजही होती. शिवाय चुन्याचा थर वाफ आरपार जाऊ देतो. आजचे धुता येणारे प्लास्टिक रंग ती अडवतात. मग भिंतीत आधीच पाणी असेल तर रंगाला फोड येतात, पोपडे निघतात आणि त्या पोपड्यांच्या पोटात बुरशीला निवांत घर मिळतं.

## डाग कुठे आहे, ते आधी वाचा

बुरशी दिसली की लोक ती कशी घालवायची हे विचारतात. त्याआधी पाणी कुठून आलं ते विचारायला हवं. डागाचं ठिकाण बहुतेकदा त्याचं उत्तर देतं.

जमिनीपासून दोन-तीन फुटांपर्यंत, वरची कड लाटेसारखी, आणि सोबत पांढरी भुकटी: हे जमिनीतून चढलेलं पाणी. समईतलं तेल वातीतून जसं वर चढतं, तसंच पाणी विटांच्या आणि जांभ्या दगडाच्या बारीक छिद्रांतून वर चढतं. बांधकामात जोत्यावर पाणी अडवणारा थर घातला नसेल किंवा तो फुटला असेल, तर हे होतं. ती पांढरी भुकटी बुरशी नव्हे, तो लोणा, म्हणजे पाण्याबरोबर वर आलेले क्षार. चिमूटभर पाण्यात टाकून बघा: विरघळली तर क्षार, तरंगत राहिली तर बुरशी.

छतावर गोल डाग आणि त्याला तपकिरी कड: वरून गळती. न्हाणीघराच्या पलीकडच्या भिंतीवर बाराही महिने ओल: नळ किंवा फरशीचे सांधे. यात पावसाचा काही दोष नाही, उगाच जुलैची वाट बघू नका. पश्चिम किंवा नैर्ऋत्य भिंतीवर, खिडकीच्या कडेने, जोराच्या सरीनंतर वाढणारा डाग: बाहेरच्या भेगांतून शिरलेला पाऊस. कोकणात पावसाआधी त्या बाजूला माडाच्या झावळ्यांचे झाप बांधत. छप्पर भिंतीच्या पुढे लांब काढलेलं असे आणि पडवी पाऊस अंगावर घेई. आजच्या इमारतींच्या सपाट भिंतींना ना पडवी ना वळचण. वाऱ्यावरची सर थेट गिलाव्यावर आपटते.

आणि कपाटामागे, कोपऱ्यात, गादीखाली विखुरलेले काळे ठिपके, ज्यांच्या भोवती ओलीचा पट्टा नाही: ही हवेतल्या वाफेची करणी. इथे प्लंबर बोलावून उपयोग नाही. कपाट बाहेरच्या भिंतीपासून तीन-चार इंच पुढे ओढा.

गळती शेजाऱ्याची असेल तर वाद होतो, म्हणून एक गोष्ट माहीत असू द्या. महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार गच्ची, बाहेरच्या भिंती आणि सामाईक नळ यांतून होणारी गळती दुरुस्त करणं संस्थेचं काम आहे. सदनिकेच्या आतल्या संडास-बाथरूमची गळती त्या सदनिकाधारकाने दुरुस्त करायची असते.

## ‘खिडक्या उघड्या ठेवायच्या की बंद?’

यावर दोन्ही सल्ले ऐकायला मिळतात आणि दोन्ही कुठेतरी खरे असतात. लंडनमध्ये राहणाऱ्या मराठी कुटुंबाला घरमालक सांगतो, हिवाळ्यातही रोज खिडकी उघडा. बरोबर आहे. बाहेर 5 अंशांच्या हवेत घनमीटरला जास्तीत जास्त 7 ग्रॅमच वाफ मावते. ती आत येऊन 20 अंशांची झाली की जेमतेम 40 टक्के भरलेली असते. त्यांच्यासाठी बाहेरची हवा म्हणजे कोरडा टॉवेल.

आपल्या जुलैत बाहेरची हवा हाच ओला टॉवेल. तिने घर कोरडं होत नाही, पण घरात आपण निर्माण केलेली जास्तीची वाफ मात्र बाहेर जाते. म्हणून स्वयंपाक, अंघोळ, कपडे वाळवणं आणि झोप या वेळी खिडकी किंवा एक्झॉस्ट पंखा हवाच. एसी किंवा हवा कोरडी करणारं यंत्र चालू असेल तेव्हाच खिडक्या बंद ठेवण्यात अर्थ आहे. एसीला ‘ड्राय’ मोड असतो तो याच कामासाठी. एसीच्या नळीतून बादलीत जमणारं पाणी म्हणजे तुमच्या गादीत जिरायचं वाचलेलं पाणी.

## ‘डांबर गोळ्या टाकल्यात की!’

डांबर गोळ्या, कापूर, कडुलिंबाचा पाला हे कसर-झुरळांसाठी. त्यांतलं काहीही पाणी शोषत नाही. पाणी शोषतात सिलिका जेलच्या पुड्या आणि कॅल्शियम क्लोराइडचे डबे. त्यांचाही उपयोग घट्ट बंद होणाऱ्या डब्यातच. उघड्या-झाकत्या कपाटात त्या आठवडाभरात तुडुंब होतात, कारण त्या सगळ्या खोलीची हवा कोरडी करायला निघालेल्या असतात.

## ‘ब्लीच मारलं, गेली’

डाग गेला, बुरशी गेलीच असं नाही. ब्लीच रंग उडवतं. टाइल, काच, कडाप्पा अशा गुळगुळीत पृष्ठभागावर ते चालतं, पण तिथे साबण-पाणी आणि घासणीही पुरते. गिलावा, लाकूड, गादी यांत तंतू आत गेलेले असतात आणि ब्लीच वरच राहतं. त्यातलं पाणी मात्र आत झिरपतं, म्हणजे आपण तिला पाणीच घालतो. मेलेली बुरशीही ॲलर्जी असलेल्याला त्रास देते. म्हणून ती मारण्यापेक्षा काढून टाकणं महत्त्वाचं.

एक गोष्ट ठामपणे सांगतो. ब्लीच आणि आम्लाचं टॉयलेट क्लीनर कधीही एकत्र करू नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो. छोट्या, बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेतू शकतो.

साफ करताना कोरड्या झाडूने झटकू नका. त्याने लाखो बीजाणू खोलीभर उडतात. एन-95 मास्क आणि हातमोजे घालावे, ओल्या साबणी कापडाने पुसावं, कापड पिशवीत बंद करून टाकून द्यावं. दमा असलेल्या माणसाने हे काम करू नये. डाग तीन फूट बाय तीन फुटांहून मोठा असेल तर जाणकार माणसाला बोलवावं.

## ‘ही तीच का काळी बुरशी?’

2021 मध्ये कोविडच्या दुसऱ्या लाटेत ‘काळी बुरशी’ हा शब्द महाराष्ट्रात घराघरांत पोचला. तेव्हापासून भिंतीवरचे काळे ठिपके पाहून लोक धास्तावतात. तो आजार म्हणजे म्युकरमायकोसिस. तो वेगळ्या गटातल्या बुरशींमुळे होतो. त्या माती, सडलेली फळं, शिळा पाव अशा ठिकाणी सगळीकडे असतात. मधुमेह आटोक्याबाहेर गेलेल्या किंवा स्टेरॉइडमुळे प्रतिकारशक्ती खालावलेल्या लोकांना तो गाठतो. त्यातला काळा रंग मेलेल्या ऊतींचा असतो, बुरशीचा नव्हे. भिंतीवरच्या काळ्या ठिपक्यांशी त्याचा संबंध नाही.

पण म्हणून भिंतीवरची बुरशी निरुपद्रवी ठरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2009 मध्ये घरातली ओल आणि बुरशी यांवर मार्गदर्शिका काढली. ओलसर घरांत राहणाऱ्यांना श्वसनाचे त्रास आणि दमा यांचा धोका जास्त असतो, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. इंग्लंडमधल्या रॉचडेल इथे डिसेंबर 2020 मध्ये अवाब इशाक हा दोन वर्षांचा मुलगा दगावला. घरातल्या बुरशीत दीर्घकाळ राहिल्यामुळे त्याचा मृत्यू झाला, असा निष्कर्ष नोव्हेंबर 2022 मध्ये मृत्यू-चौकशी अधिकाऱ्याने दिला. त्याच्या आईवडिलांनी बुरशीच्या तक्रारी केल्या होत्या. आज तिथे त्याच्या नावाने कायदा आहे, सामाजिक गृहनिर्माणातल्या घरमालकांना अशा तक्रारी ठरलेल्या मुदतीत सोडवायला लावणारा. घरात लहान मूल, म्हातारं माणूस किंवा दम्याचा रुग्ण असेल, तर कुबट वासाला ‘पावसाळ्यात असायचंच’ म्हणून सोडून देऊ नका.

## पुराचं पाणी ओसरल्यावर

22 जुलै 2021 ला चिपळूणमध्ये पाणी शिरलं तेव्हा तळमजल्यावरची घरं आणि दुकानं बुडाली. अशा वेळी घड्याळ फार महत्त्वाचं. ओली झालेली वस्तू 24 ते 48 तासांत वाळली, तर बुरशी सहसा धरत नाही. पुढे ती धरणारच असं समजून चालावं. त्यामुळे आधी चिखल बाहेर काढायचा आणि दारं-खिडक्या सताड उघडायच्या. वायरिंग तपासून घेतल्याशिवाय पंखा लावायचा नाही. स्टील, काच, प्लास्टिक धुऊन वापरता येतं. कापसाची गादी, पार्टिकल बोर्डाचं कपाट, फोम यांचा मोह सोडावा. कागदपत्रं वाळवायला दोन दिवसांत वेळ मिळणार नसेल, तर ती प्लास्टिकच्या पिशवीत घालून फ्रीझरमध्ये ठेवावी. गोठलेल्या पाण्यात बुरशी वाढत नाही. ती नंतर सवडीने, थोडीथोडी वाळवता येतात.

## दिवाळीचा रंग

गणपती गेले, भाद्रपदातलं कडक ऊन पडलं की गाद्या, गोधड्या, पैठण्या, पुस्तकं यांना ऊन दाखवायची आपली पद्धत उत्तम आहे. ऊन मोकळं पाणी उडवतं आणि त्यातले अतिनील किरण बीजाणूही मारतात.

भिंतीच्या बाबतीत मात्र घाई होते. चार महिने पाणी प्यालेली नऊ इंची विटांची भिंत चार आठवड्यांत वाळत नाही. वरून कोरडी दिसते, आत ओलीच असते. दिवाळी आली म्हणून तिच्यावर पुट्टी आणि प्लास्टिक रंग चढवला, की ते पाणी आतच कोंडलं जातं. पुढच्या जूनची वाट न बघता जानेवारीतच पोपडे सुटतात. बुरशीरोधक रंगानेही यात फरक पडत नाही. त्यातलं औषध फक्त वरच्या थरात असतं आणि ते हळूहळू धुऊन जातं. भेगा बुजवायच्या, गच्चीचं काम करायचं आणि भिंत रंगवायची, तर भिंत पुरती वाळल्यावर, फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये.

तरीही यंदा रंग द्यायचाच असेल, तर आधी एक करा. एक फूट लांब-रुंद जाड प्लास्टिक घ्या आणि त्या डागाच्या जागी चारही कडांनी चिकटपट्टीने घट्ट चिकटवा. दुसऱ्या दिवशी बघा. थेंब प्लास्टिकच्या बाहेरच्या बाजूला असतील, तर खोलीची हवा दमट आहे. आतल्या, भिंतीकडच्या बाजूला असतील, तर पाणी भिंतीत आहे. आतून थेंब दिसले तर रंगाऱ्याला त्या भिंतीपुरतं मार्चमध्ये यायला सांगा.